भेट नको असते तेव्हा

माझ्या धाकट्या भावाच्या आधी आमच्या घरात कोणाचाही वाढदिवस साजरा झाला नव्हता. आजीला आपली जन्मतारीखच ठाऊक नाही. वडील आणि काका या दोघांच्याही शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या. पोराचे वय त्या दिवशी पुरे भरलेले दिसावे म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस असा गुरुजींनीच ठरवलेला आहे. माझ्या वेळी तारीख खरी लिहिली गेली, पण वाढदिवस म्हणजे सकाळी आजीने केलेले औक्षण आणि हातावर ठेवलेली साखर, एवढाच. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

गेल्या जुलैमध्ये मात्र भाऊ सहा वर्षांचा झाला आणि घरात फुगे लागले. वडील पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला आहेत. तिथल्या सोबत्यांच्या घरी ते वाढदिवसाला जेवून आले होते. त्याची परतफेड करणे भाग होते. पौडहून केक आणला. पंधरा-वीस माणसे आली. भेटींचा ढीग झाला : तीन कंपासपेट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, मामाने आणलेला 'वाढत्या अंगाचा' म्हणून गुडघ्यापर्यंत येणारा सदरा, आणि आत्याने आणलेला स्टीलचा डबा.

आत्या ताम्हिणीकडच्या एका वाडीत राहते. भाताची लावणी चालू होती. त्या दिवसांत तिला रोज मिळतो. वर्षातले इतर किती दिवस तो मिळत नाही हे आम्हांला माहीत आहे. रोजाचा खाडा करून, भर पावसात गाडी धरून ती आली होती. तिने दुकानात बसून डब्यावर नाव घालून घेतले होते : भाचराचे नाव आणि खाली 'आत्याकडून'. भावाने सगळ्यांच्या देखत कागद फाडला, डबा पाहिला आणि मोठ्याने म्हणाला, "डबा? मला नको. मला गाडी पाहिजे होती, रिमोटची."

माणसे हसली. आत्याही हसली. "असू दे रे बाबा, पुढच्या वर्षी गाडी," असे म्हणाली. पण केकची बशी तिने तशीच खाली ठेवली आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून लवकर उठली. गाडीला अजून वेळ होता हे मला माहीत होते.

मित्रमैत्रिणींनो, प्रसंग एवढाच. कोणी म्हणेल, लहान पोर आहे, त्याचे काय मनावर घ्यायचे? मीही त्या रात्री त्याला रागावून मोकळी झाले. पण पुढे विचार करू लागले तेव्हा वाटले की चूक पोराची कमी आणि आमची जास्त आहे. आठवडाभर आम्हीच त्याला विचारत होतो, "काय काय पाहिजे तुला? कोण काय आणील?" मनात यादी आम्ही भरली. माणूस येणार आहे हे आम्ही त्याला सांगितलेच नाही; वस्तू येणार आहे एवढेच सांगितले. शिवाय भेट सर्वांदेखत उघडायची ही रीत आमच्याकडची नव्हे. पूर्वी आहेर वहीत लिहून बाजूला ठेवत आणि पाहुणे गेल्यावर उघडत. त्या जुन्या रीतीत एक शहाणपण होते. देणाऱ्यासमोर घेणाऱ्याच्या चेहऱ्याची परीक्षा होत नसे. आता कागद फाडतानाचा फोटो निघतो आणि सहा वर्षांच्या मुलाने त्यात आनंदी दिसले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते.

मानसशास्त्राच्या तासाला याच विषयावरचा एक प्रयोग ऐकला. कॅरोलिन सार्नी या अमेरिकन संशोधिकेने १९८४ साली तो प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना एक काम करायला सांगून प्रथम चांगले बक्षीस दिले. दुसऱ्या वेळी त्याच मुलांना अगदी तान्ह्या बाळाचे खेळणे दिले आणि त्यांचे चेहरे टिपले. लहान मुलग्यांनी नाराजी सरळ दाखवली. वयाने मोठ्या मुलांनी, आणि त्यांतही मुलींनी, हसून आभार मानले. म्हणजे माझ्या भावाने त्याच्या वयाचे मुलगे करतात तेच केले. पण मला त्या प्रयोगात दुसरेच काही दिसले. मुलींनाच हसणे लवकर का यावे? कारण 'असं म्हणू नये गं' हे आम्हांला पाळण्यापासून ऐकवले जाते आणि मुलग्याचे 'नको' कौतुकाने ऐकले जाते. सौजन्य ही जर चांगली गोष्ट असेल, तर ती मुलग्यांनाही त्याच वयात शिकवावी. मुलीचा तो दागिना आणि मुलाला त्याची सूट, हा हिशेब बरोबर नाही.

आता मुख्य प्रश्न. नको असलेल्या भेटीला 'छान आहे' म्हणणे हा खोटेपणा नाही का? आमच्या वर्गात यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "खरे बोलावे. नाहीतर माणूस पुढच्या वर्षी तेच आणील." मला हे पटत नाही. डबा मिळाल्यावर दोन गोष्टी खऱ्या असतात. डबा नको होता हे खरे, आणि आत्या रोज बुडवून आली हेही खरे. आभार मानताना आपण दुसऱ्या सत्याबद्दल बोलतो. 'आत्या, तू माझं नाव घालून आणलंस?' एवढे भाऊ म्हणाला असता, तर त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. न आवडलेल्या वस्तूची खोटी स्तुती करायची गरज नाही; देणाऱ्याच्या येण्याची खरी दखल घेतली की पुरे. कृष्णाने सुदाम्याचे पोहे स्वतः ओढून घेतले, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. द्वारकेत काय पोह्यांची टंचाई होती? सुदामा लाजून पुरचुंडी लपवत होता, त्याची लाज कृष्णाने घालवली. भेट घेण्याची कला ती हीच.

पण इथे थांबले तर माझे म्हणणे अर्धवट राहील, कारण भेटीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझी आई एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. आमच्या भागात असे बंगले आता पुष्कळ झाले आहेत; मालक शनिवार-रविवारी येतात. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसानंतर नको असलेल्या भेटी पिशवीत भरून आमच्या घरी येतात. एकदा मला मिळालेल्या रंगपेटीत दुसऱ्याच कोणाच्या तरी शुभेच्छांचे कार्ड निघाले. दोन रंग संपलेले होते. आईने मला बंगल्यावर नेऊन 'थँक्यू' म्हणायला लावले. मी म्हटले. ते 'थँक्यू' आणि आत्यासाठी हवे असलेले 'थँक्यू' एकच होते का? मला वाटते, नाही. आत्याला 'नको' म्हणण्याची मुभा भावाला होती आणि त्याने ती वापरायला नको होती. मला मात्र मुभाच नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या आभारांना सौजन्य म्हणू नये.

मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ च्या सुमारास भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने एकत्र असतात, असे त्याने दाखवले. आमच्या गावाला हे मॉसशिवायच ठाऊक आहे. लग्नाच्या आहेराची वही कशासाठी असते? त्यांनी आपल्याला काय घातले ते पाहून आपण त्यांना घालायचे. हळदीकुंकवाच्या ओटीतला खण घरोघर फिरत राहतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. कारण प्रत्येकीला कधी घ्यायची आणि कधी द्यायची पाळी येते. जिथे परत देण्याची वाटच बंद असते तिथे भेटीचे ओझे होते. म्हणूनच पत्रिकेवर छापलेले 'कृपया आहेर आणू नये' हे वाक्य मला पूर्ण पटत नाही. हेतू चांगला असेल. पण ज्याने तुमच्याकडे दहा वेळा जेवण घेतले, त्याला फेडायची संधी तुम्ही नाकारता. श्रीमंताला ते वाक्य परवडते.

माझ्या आईने परत देण्याची वाट शोधली होती. आलेले भांडे रिकामे पाठवू नये, ही आमच्याकडची रीत. एका वर्षी भात झोडून झाल्यावर तिने बंगल्यावर पाच किलो आंबेमोहोर नेला. तो निवडायला ती दोन रात्री बसली होती. बाई म्हणाल्या, "अगं, कशाला? आम्ही भात फारसा खातच नाही." पिशवी कोठीत राहिली. पुढच्या होळीला कोठी झाडताना आईलाच ती सापडली, किडे लागलेली. आई घरी येऊन काही बोलली नाही. मला कळले ते पिशवी धुताना पाहून.

नको असलेली भेट सौजन्याने घ्यायला गरिबाच्या पोराला शिकवणारे पुष्कळ आहेत. मोठ्या घरांना ते कोण शिकवणार?

'नको' म्हणण्याचा वारसा आमच्या तालुक्याला आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह केला. धरण झालेच, जमिनी बुडाल्या. पण तो नकार आजही अभिमानाने सांगितला जातो. कारण तो आपल्याहून बलवानाला दिलेला होता. माझे मत एवढेच आहे की नकार वर द्यावा आणि सौजन्य खाली दाखवावे. आपण नेमके उलटे करतो. साहेबाच्या जुन्या रंगपेटीला हसून हात जोडतो आणि आत्याच्या डब्याला तोंड वाकडे करतो.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी भावाला घेऊन आत्याकडे गेले. त्याच डब्यात घरची दिंडं भरली होती. माफी माग, असे मी त्याला सांगितले नव्हते; फक्त डबा त्याच्याच हातात दिला होता. आत्याने डबा ओळखला. नाव घातलेल्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शाळेत नेतोस का रे?" भाऊ म्हणाला, "रोज." हे काही खरे नव्हते. पण येताना आत्याने डब्यात घारगे भरून दिले, आणि सोमवारपासून तो डबा खरोखरच रोज शाळेत जाऊ लागला.

— द्वितीय वर्ष, कला