हेडफोन रुळतो की कान?



मागील महिन्यात सदलग्यास एका ओळखीच्या घरी आमचे जाणे झाले. चहा होईपर्यंत सोप्यात बसलो असता कोपऱ्यातील फडताळातून बारीक आवाजात गाणे ऐकू येऊ लागले. फडताळाचे दार लावलेले, जवळपास माणूस नाही, आणि आत कोणी तरी गात आहे! आमचा अचंबा पाहून घरातील नातू हसत पुढे आला व त्याने दार उघडले. आत एका जुन्या मोबाइलला जोडलेला नवाकोरा हेडफोन होता. ऐकणाऱ्या कानावाचून तो बिचारा दोन दिवस अखंड गात होता.

“फादर, दुकानदारानं सांगितलंय, शंभर तास वाजवल्याशिवाय ह्याचा खरा आवाज निघत नाही. आत्ता नुसता कर्कश वाटतोय. अजून बावन्न तास व्हायचेत.”

त्याच फडताळाच्या वरच्या खणात एक लहान डबी होती. तीत आजोबांचे कानाचे यंत्र होते. आजोबांना घरात सारे आबा म्हणतात. उमेदीची तीस वर्षे ते इचलकरंजीच्या यंत्रमागांवर राबले, आणि कान तेथेच गमावून आले. मुलाने पै-पै साठवून यंत्र आणले. आबांनी ते चार दिवस घातले आणि डबीत ठेवून दिले. आम्ही मोठ्याने कारण विचारले, तेव्हा म्हणाले, “नुसता गलका होतोय, फादर. डोक्यात कुणी भांडी आदळल्यागत.”

एकाच फडताळात दोन यंत्रे. एक शंभर तासांच्या आशेवर गात होते. दुसरे चार दिवसांच्या निराशेने मुके झाले होते. धीर कोठे धरावा आणि कोठे धरू नये, हा विचार परतीच्या वाटेवर आमच्या मनात घोळत राहिला. त्याविषयी पुढे जे वाचले व जाणकारांस विचारून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नवी वस्तू रुळावी लागते, हे आपल्या खेड्यांतील कोणास सांगावयास नको. नवे मडके रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय कोणती गृहिणी वापरावयास काढते? नवी मोटारसायकल पहिले काही शे किलोमीटर जपून हाकावी लागते. आणि कोल्हापुरी चप्पल तर आपल्या घरचीच. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपल्या बेळगावासह कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. नवी असताना ती चावते, कुरकुरते. तेल पाजावे, रोज थोडी घालावी. पंधरा दिवसांत ती पायाची होऊन जाते. या साऱ्या गोष्टींत वस्तू खरोखरच बदलते. चामडे मऊ होते, इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. तेव्हा हेडफोनही तसाच रुळत असेल, असे त्या मुलास वाटले, यात त्याचे काय चुकले?

परंतु वस्तूच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय उपमा लावू नये. सर्वसाधारण हेडफोनच्या प्रत्येक बाजूस एक लोहचुंबक असतो, त्याच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे असते, आणि ते वेटोळे केसाहूनही पातळ अशा प्लास्टिकच्या पडद्याला चिकटविलेले असते. विजेचा प्रवाह आला की वेटोळे हलते, त्याबरोबर पडदा हलतो, व पडद्याने हलविलेली हवा म्हणजेच आवाज. लग्नाच्या मांडवात लावतात त्या मोठ्या कर्ण्यांच्या पेटीत कागदाचा जाड पडदा व त्याला धरून ठेवणारी कापडी चकती असते. ती सुरुवातीच्या वापराने थोडी सैल पडते, हे मोजून दिसते. हेडफोनचा पडदा इवलासा, त्याची हालचाल अगदी थोडी. त्यात काही फरक पडलाच तर तो फार लहान असतो. हेडफोन डोक्यावर बोटभर पुढे-मागे सरकला तरी त्याहून मोठा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र खरी रुळते. कानावर बसणारी ती मऊ गादी डोक्याच्या उबेने व दाबाने हळूहळू चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे बसते. गादी नीट बसली की फट बुजते, आणि फट बुजली की ढोलकीसारखे खालचे आवाज भरून येतात. पण त्यासाठी हेडफोन डोक्यावर हवा. फडताळात ठेवून शंभर तास गाणी लावल्याने गादीला माणसाचे डोके कोठून भेटणार?

आता कोणी म्हणेल, वाद्ये तर वाजवून वाजवूनच गोड होतात ना? येथून जवळच मिरज आहे. शंभरांहून अधिक वर्षे तेथे सतार व तंबोरे घडत आले आहेत. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही कला हाती घेतली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. तंबोऱ्याच्या नव्या तारा ताणल्या जाऊन बसेपर्यंत पुनःपुन्हा सुरात लावाव्या लागतात, हे तेथील कोणीही सांगेल. मात्र त्याच तंबोऱ्याची दुसरी बाजूही आहे. ज्या घोडीवर तारा टेकतात, तिच्यावर वाजवून वाजवून बारीक चऱ्या पडतात, आवाजातील गुंजन मावळते, आणि मग कारागिराकडून जवारी नव्याने काढून घ्यावी लागते. म्हणजे वापराने वस्तू सुधारतेच असे नाही. वापराने ती झिजतेही.

लाकडाचे वाद्य वाजवून ‘उघडते’ का, याची तपासणी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झाली. एकाच कारागिराने एकाच लाकडातून दोन जुळी व्हायोलिने घडविली. एक तेथील पॉवरहाऊस संग्रहालयात ठेवले व क्वचितच वाजविले. दुसरे एका व्यावसायिक वादकाने नित्य वाजविले. तीन वर्षांनंतर वादकांस व श्रोत्यांस, कोणते कोणते हे न सांगता, दोन्ही ऐकविली. त्यांच्या पसंतीत लक्षणीय असा फरक आढळला नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केला. एका जोडीवरून साऱ्या वाद्यांचा निवाडा होत नाही, हे खरे. परंतु तीन वर्षांच्या वादनाने जेथे लाकडाचे वाद्य एवढे अढळ राहिले, तेथे फडताळातील शंभर तासांचा भरवसा किती धरावा?

आणि तरीही अनेक लोक शपथेवर सांगतात की आमचा हेडफोन महिन्याभराने गोड झाला. ती माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना आलेला अनुभव खरा आहे. फक्त बदलले ते यंत्र नव्हे, ऐकणारा बदलला. रेल्वेच्या रुळांशेजारी राहावयास गेलेला मनुष्य पहिल्या आठवड्यात झोपत नाही व दुसऱ्या महिन्यात त्याला गाडी ऐकूच येत नाही. गाडीचा आवाज तर कमी झालेला नसतो.

नेदरलँड्समधील नायमेखेन येथे याविषयी एक सुंदर प्रयोग झाला व तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. चार माणसांच्या कानांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलण्यात आला. आवाज वरून येतो की खालून, हे आपण बहुतांशी पाळीच्या वळणांवरून ओळखतो. साहजिकच त्यांना ते ओळखता येईना. पण साचे तसेच घालून ती माणसे रोजचे व्यवहार करीत राहिली, आणि काही आठवड्यांत त्यांना आवाजाची दिशा पुन्हा कळू लागली. साचे काढले तेव्हा जुने ज्ञानही जागच्या जागी होते. कान तेच होते. मेंदूने नवे कान शिकून घेतले होते.

यावरून आम्ही त्या मुलास काय सांगितले, ते आता लिहितो. पहिले हे, की यंत्र बंद फडताळात वाजवून काही साधत नाही. ऐकावयाचे असेल तर स्वतः ऐक. दुसरे, मुदतीचा हिशेब कर. रोज २ तास ऐकले तर १०० तासांस ५० दिवस लागतात, आणि वस्तू परत घेण्याची दुकानाची मुदत होती १० दिवसांची. ‘थांबा, रुळेल’ या शब्दांत दुकानदाराचा लबाडीचा हेतू असेलच असे नाही. कदाचित त्यालाही कोणी असेच सांगितले असेल. पण थांबण्यात नुकसान कोणाचे, हे उघड आहे. म्हणून मुदतीच्या आत, आपल्या पूर्ण परिचयाची तीन-चार गाणी, बेताच्या आवाजात, दोन-चार दिवस ऐकावी. एका बाजूस आवाज कमी, खरखर, गादी टोचणे हे दोष रुळण्याने जात नाहीत. आवाज मुळातच आवडला नाही, तर वस्तू परत करावी.

वाचक म्हणतील, मग धीराला जागाच नाही काय? आहे. तीच वरच्या खणातील डबी.

आबांचे कान वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू मंदावले. त्या काळात त्यांचा मेंदू शांततेला सरावला. पानांची सळसळ, स्वतःच्या पावलांचा आवाज, भाकरी थापण्याचा आवाज, हे सारे त्याच्या हिशेबातून गेले. एके दिवशी यंत्र कानात बसले आणि गेलेले सारे आवाज एकदम घरात शिरले. कोणता ऐकावा व कोणता सोडून द्यावा, ही निवड निरोगी कानाचा माणूस नकळत करतो. आबांना ती पुन्हा शिकावी लागणार होती. तिला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. शंभर तासांचा धीर धरावयाचा तो येथे! दुर्दैव असे की ज्याला थांबण्याची गरज नव्हती त्याला थांबा म्हणून सांगितले गेले, आणि ज्याला थांबावयास हवे होते त्याला कोणी काहीच सांगितले नाही.

ज्या घरांत असे यंत्र पेटीत पडले असेल, त्यांनी ते बाहेर काढावे. प्रथम शांत घरात, एकाच माणसाशी बोलताना, तासभर घालावे. रोज थोडा वेळ वाढवावा. बाजार, लग्नघर हे पुढे. घरच्यांनी पाठीमागून ओरडू नये. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. मात्र यंत्र शिट्टी वाजवीत असेल, कान दुखत असेल किंवा मोठे आवाज असह्य होत असतील, तर ते सोसण्याचे नव्हे, तपासून घेण्याचे लक्षण आहे. यंत्र बसविणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे व ते जुळवून घ्यावे.

एक शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कान सरावतो हा जसा त्याचा गुण, तसाच त्याचा धोकाही आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबेलच्याही वर जातो. आबा सांगतात, पहिला महिना कान बधिर व्हायचे, मग सवय झाली. ती सवय नव्हती. अंतःकर्णात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे १५,०००. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्यास ८० डेसिबेल ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबेल वाढीस वेळ निम्मा करावयाचा. म्हणजे ९० डेसिबेलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. आज ‘आवाज थोडा कमी वाटतो’ म्हणून कळ वर सरकविणारा तरुण उद्या त्याच आवाजास सरावतो व परवा आणखी वर सरकवितो. आबांना पोटासाठी शेडमध्ये उभे राहावे लागले. नातवाने तीच शेड पैसे देऊन विकत आणावी काय?

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलाने पहिला हेडफोन मुदतीत परत करून दुसरा घेतला होता. फडताळ शांत होते. आबा सोप्यात बसले होते व कानात यंत्र होते. कसे काय, असे आम्ही विचारले. या खेपेस ओरडावे लागले नाही.

“भांडी आता आपापल्या जागंवर गेली, फादर,” आबा म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे पाहून हळूच पुढे म्हणाले, “पण सूनबाई काय पुटपुटती, तेबी आता कळाय लागलंय.”

आतून सूनबाई हसल्या. तेही आबांनी ऐकले.