तसबिरीची कड



पितृपंधरवडा जवळ आला, की घरोघरी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. काचा पुसल्या जातात, हार बदलले जातात. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी एक अडचण निघतेच : म्हाताऱ्याचा एकट्याचा असा फोटोच नाही. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, नाहीतर बाजाराच्या आवारात चारचौघांत काढलेला. त्यातला आपला माणूस तेवढा वेगळा काढून दुसऱ्या चित्रात बसवण्याचे काम आता घरच्या संगणकावर होते. पण ते अंगाला लागेल असे करणारे थोडे. म्हणून आज शेतीतले सोडून हे सांगावेसे वाटले.

चाकणजवळच्या आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट आहे. हा सारा पट्टाच डोळ्यांदेखत पालटला. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ सालची. चाकणला १९९९ साली बजाज ऑटोचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या घरचीही जमीन वसाहतीत गेली. ताबा देण्याच्या आदल्या दिवशी मुलाने विहिरीचा आणि बांधावरच्या आंब्याचा एक फोटो काढून ठेवला होता. त्यात माणूस एकही नाही. आणि आजोबांचा जो एकमेव धड फोटो, तो पुतण्याच्या लग्नातला : पांढरा फेटा, मागे लाल मांडव, दोन्ही बाजूंना पाहुणे. आजींची इच्छा एवढीच, की ह्यांना आपल्या विहिरीपाशी उभे करा.

नातू कारखान्यात पाळीवर जातो. वेळ नव्हता म्हणून त्याने एका दुकानातून काम करून आणले. आजींनी ते हातात धरले आणि विचारले, “ह्यांना कात्रीनं कापून चिकटवलंय का रे?”

बरोबरच होते त्यांचे. खऱ्या फोटोत कोणतीच कड सुरीने कापल्यासारखी नसते. फोटो बारीक ठिपक्यांचा बनतो, आणि कडेवरच्या ठिपक्यात थोडा फेटा असतो, थोडे मागचे आभाळ असते. ही सरमिसळ डोळ्याला वेगळी दिसत नाही, पण ती नसली तर लगेच खुपते. संगणकावर कापताना ठिपका एक तर आत घेतला जातो, नाहीतर बाहेर टाकला जातो. म्हणून कड विरवावी लागते. या क्रियेला तिकडे ‘फेदर’ म्हणतात, म्हणजे पीस. पिसाची कड कशी विरळ होत जाते, तशी चित्राची कड काही ठिपक्यांच्या अंतरात पूर्ण दिसण्यापासून मुळीच न दिसण्यापर्यंत उतरत नेणे, एवढाच तिचा अर्थ.

युक्ती नवी नाही. फोटोशॉप १९९० साली आणि फुकट मिळणारे गिंप १९९६ साली आले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून स्टुडिओवाले अंधाऱ्या खोलीत हेच करीत. पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडायचे, भोकाच्या कडेला करवतीसारखे दाते ठेवायचे, आणि प्रकाश पडत असताना तो पुठ्ठा कागदापासून वर धरून हलवत राहायचा. चेहरा स्वच्छ उमटतो आणि खांद्याखाली फोटो पांढऱ्यात विरून जातो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचे असे फोटो तुम्ही पाहिले असतील. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो काढण्याचाच धंदा करीत, हे सहज आठवले म्हणून सांगितले.

आता प्रत्यक्ष काम. ओल्यामुळे फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. सुटा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा; ४ इंच रुंद फोटोचे त्यात २४०० ठिपके मिळतात. स्कॅनर नसेल तर ओट्यावर सावलीत ठेवून मोबाईलवर घ्या, फ्लॅश न लावता. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा ऐवज वाटेतच गळतो.

गिंपमध्ये ‘फ्री सिलेक्ट’ने माणसाभोवती रेघ ओढा. मग ‘सिलेक्ट’ या मेनूत जाऊन आधी ‘श्रिंक’ करा, १ किंवा २ ठिपके. ही पायरी बहुतेक जण गाळतात. फेदरने कड आत जशी विरते तशी बाहेरही विरते, आणि बाहेर काय आहे? लाल मांडव. तेवढा लाल रंग फेट्याभोवती वळशासारखा राहतो. दुकानदाराच्या कामातला दुसरा दोष हाच होता. श्रिंक झाले की ‘फेदर’. चेहरा पाच-सहाशे ठिपके रुंद असेल तर ३ किंवा ४ पुरे. पहिल्यांदा मी स्वतः दुसऱ्या एका फोटोवर १५ देऊन पाहिले होते; फेट्याचा तुरा आणि कानाची पाळी दोन्ही विरघळून गेली, गृहस्थ धुक्यातून आल्यासारखे दिसू लागले. फोटो लहान असेल तर आकडाही लहान.

त्यानंतर कापून टाकू नका. ‘ॲड लेयर मास्क’ घ्या आणि त्यात ‘सिलेक्शन’ निवडा. मास्क म्हणजे चित्रावर टाकलेली जाळी : पांढरे तेथे दिसते, काळे तेथे झाकते, करडे तेथे अर्धवट. काही चुकले तर मऊ ब्रशने पांढरे फिरवा, गेलेला कान परत येतो. शेवटी मूळ प्रत गिंपच्या स्वतःच्या नमुन्यात जपा. नुसता कापलेला माणूस हवा असेल तर पीएनजी करा, कारण जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

सगळीकडे सारखी मऊ कड नको. खेड-मावळाकडे बैलगाड्याच्या शर्यतींचे फ्लेक्स लागतात, ते एकदा बारकाईने बघा. शिंग कडक असते, तिथे कड एक ठिपकाच विरवावी. शेपटीचा गोंडा आणि कानातले केस मात्र मऊ ब्रशने हातानेच काढावे लागतात. बैलाला सगळीकडून एकच आकडा दिला, की शिंगे मेणाची होतात आणि शेपूट दोरीची. माणसाचेही तसेच आहे : फेट्याची घडी कडक, मिशी मऊ.

नातवाने हे सारे रविवारी बसून केले. लग्नातल्या फोटोत आजोबा गुडघ्यापर्यंतच होते, म्हणून बांधावरच्या गवताचा एक तुकडा वेगळ्या लेयरवर त्यांच्यापुढे आणला आणि त्याची वरची कड विरवली. आम्हाला वाटले, झाले. आजी म्हणाल्या, “विहिरीवर ऊन मावळतीचं आहे. ह्यांच्या तोंडावर दुसरीकडून उजेड कसा?”

आता आली पंचाईत. आजोबांचे चित्र उलटे करावे तर उपरणे दुसऱ्या खांद्यावर जाते. शेत उलटे करावे तर विहीर आंब्याच्या भलत्या बाजूला येते, आणि ते त्या घरात कोणी खपवून घेतले नसते. शेवटी चेहऱ्याची अर्धी बाजू निवडून तिला चांगला ८० ठिपक्यांचा फेदर दिला, आणि ‘कर्व्हज’मधून ती थोडी काळोखली, दुसरी बाजू तशीच विरवून किंचित उजळली. लग्नातला उजेड मांडवाखालचा, म्हणजे मवाळच होता, म्हणून हे जमले. भर उन्हातल्या फोटोला ही मात्रा लागू पडत नाही.

माझा एक आग्रह होता, तो त्यांनी मानला. आजोबा त्या दिवशी विहिरीपाशी उभे नव्हते. घरातल्या धाकट्यांना पुढे ते कळायला हवे. म्हणून चौकटीत घालण्याआधी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिले, की माणूस कोणत्या लग्नातला आणि शेत कोणत्या सालचे. आणि हे कसब भिंतीपुरतेच ठेवा. कसल्याही कागदपत्राच्या फोटोला हात लावू नका.

चौकट बनवताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगा. तसबीर ओसरीत लागली. आजींनी पहिल्या दिवशी फोटोकडे कमी आणि आंब्याकडेच जास्त पाहिले. त्या झाडाला लागोपाठ दोन वर्षे मोहोर येत नसे, असे त्या सांगत होत्या.