व्याधिक्षमत्व वाढविताना काळाचे भान हवे

कर्करोगाचा रुग्ण चिकित्सालयात आला की त्याच्या नातेवाइकांची पहिली मागणी बहुधा एकच असते, ‘वैद्यराज, प्रतिकारशक्ती वाढविणारे काही द्या.’ आपणही सद्भावनेने गुडूची, अश्वगंधा किंवा एखादे रसायन लिहून देतो. ही सद्भावना यापुढे पुरेशी ठरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या प्रौढ पेशींना मूलपेशींची अवस्था पुन्हा प्राप्त करून दिली. या कार्यासाठी त्यांना व जॉन गर्डन यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मूलपेशीत हवे ते जनुकीय बदल करून, त्या एकाच पेशीचा वंश वाढवून, त्यापासून ‘नॅचरल किलर’ नावाच्या प्रतिकारपेशी विपुल प्रमाणात घडविता येतात. त्या गोठवून साठवितात व रुग्णास शिरेवाटे देतात. अमेरिकेत २०१९ मध्ये त्यांच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. मार्ग सोपा नाही. या क्षेत्रातील अग्रणी फेट थेरप्युटिक्स कंपनीने २०२३ च्या आरंभी आपल्या अशा अनेक चाचण्या बंद केल्या. ही चिकित्सा संशोधनाधीनच आहे.

या पेशी रुग्णाच्या दृष्टीने परक्या असतात व त्याचे शरीर त्यांना नाकारू शकते. म्हणून त्या देण्यापूर्वी सामान्यतः फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फामाइड देऊन रुग्णाच्या स्वतःच्या लसिकापेशी हेतुपुरस्सर कमी करतात. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये संमती मिळालेल्या कार-टी चिकित्सेत रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत देतात; परंतु ही पूर्वतयारी तेथेही असते. शिवाय पेशी दिल्यानंतर प्रतिकारयंत्रणेचा प्रक्षोभ होऊन प्रसंगी जीवितास धोका निर्माण होतो व तो शमविण्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागते. म्हणजे हा प्रश्न दूरच्या अमेरिकेतला नाही. असा रुग्ण उद्या आपल्याच दारी येईल.

जी शक्ती तज्ज्ञ काही दिवस जाणूनबुजून खाली आणीत आहे, तीच वाढविण्याचा प्रयत्न आपण त्याच दिवसांत, त्याला न कळविता, करावा काय? त्रिकटूतील पिप्पली व मरिच यांत असलेले पायपरीन यकृतातील काही एन्झाइमांना रोधते व अन्य औषधांची रक्तातील मात्रा बदलू शकते, हे तर ज्ञात आहे. आपली औषधे अशा वेळी निर्धोक आहेत हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावरच आहे.

यात शास्त्राची हानी नाही. युक्ती ही मात्रा व काल यांवर अवलंबून असते, हे चरकाचार्यांचेच प्रतिपादन आहे. रसायन अकाली दिले तर दोष शास्त्राचा नव्हे, वैद्याचा. त्याचप्रमाणे ‘बीज म्हणजेच स्टेम सेल’ अशी ओढाताण करून आपण आयुर्वेदाचा गौरव वाढवीत नाही.

फार्मसीचालक बंधूंनाही विनंती आहे. ‘स्टेम सेल जागृत करणारे’ असे शब्द वेष्टनावर छापण्याचा मोह टाळावा. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

माझी सूचना साधी आहे. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णास पेशी-चिकित्सा झाली आहे काय, किंवा ठरली आहे काय, हे विचारावे व रुग्णपत्रकात नोंदवावे. उत्तर होकारार्थी असल्यास उपचार करणाऱ्या तज्ज्ञास पत्राने कळवावे आणि त्याच्याशी विचारविनिमय होईपर्यंत रसायन थांबवावे. आहार, निद्रा व मनोबल यांविषयीचे मार्गदर्शन तोवरही करता येते. ‘आज औषध नको’ असे सांगण्याचे धैर्य हेही वैद्यकर्मच आहे.