इयत्तेचा आकडा आणि मुलाची योग्यता

फ्रान्समधील मूल पाच वर्षांचे प्राथमिक शिक्षण पुरे करून, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास माध्यमिक शाळेत प्रवेश करते तेव्हा ते ‘सिझियेम’ म्हणजे सहाव्या वर्गात बसते. परंतु पुढील वर्षी ते सातव्यात न जाता पाचव्यात जाते, आणि चौथा, तिसरा, दुसरा, पहिला असा हा क्रम उतरत जाऊन अखेर ‘तेर्मिनाल’ या अंतिम वर्गात, नेपोलियनच्या अमदानीत १८०८ साली स्थापन झालेल्या बाकालोरेआ या परीक्षेपाशी संपतो. अमेरिकेत याच सात वर्षांची गणना सहावीपासून बारावीपर्यंत चढत जाते, तर इंग्लंडमध्ये मोजणीला एक वर्ष आधी आरंभ होत असल्याने ती सातव्या वर्गापासून तेराव्यापर्यंत पोहोचते.

एवढा हिशेब एका तक्त्यात मावतो, आणि देशांतर केलेल्या मुलाला वर्ग नेमून देताना त्या तक्त्यावर विसंबण्याचा मोह शाळेच्या दप्तराला होणे स्वाभाविक आहे. तथापि केवळ त्याच्या आधारे मुलाचा दर्जा ठरविणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण जन्मतारखेचे. फ्रान्समध्ये एका पंचांगवर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात, जन्मलेली मुले सामान्यतः एका वर्गात येतात. इंग्लंडमध्ये मात्र ही सीमारेषा १ सप्टेंबरला पडते. त्यामुळे पॅरिसमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी मार्चमध्ये जन्मलेला लंडनला गेल्यास वरच्या वर्गात, आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेला त्याच्या खालच्या वर्गात जाईल. शिकलेले सारखेच असूनही दोघांची वाट वेगळी होते.

दुसरे कारण गुणांचे. फ्रेंच शाळांत गुण वीसपैकी दिले जातात, व बाकालोरेआत बारा, चौदा आणि सोळा या सरासरींपासून उत्तरोत्तर वरच्या श्रेणी लाभतात. वीसपैकी चौदा हे तेथे गौरवास्पद यश. परंतु त्याचे सत्तर टक्क्यांत रूपांतर करून अमेरिकन मोजपट्टी लावताच तोच विद्यार्थी सामान्य भासू लागतो.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण अध्ययनाच्या व्याप्तीचे. सोळाव्या वर्षानंतर इंग्लंडमधील विद्यार्थी बहुधा तीनच विषयांवर लक्ष केंद्रित करतो; फ्रान्समध्ये सामान्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेर्मिनालमध्ये दोन विशेष विषयांबरोबरच तत्त्वज्ञान, इतिहास-भूगोल आणि परकीय भाषा यांचेही अध्ययन करावे लागते. एकाची खोली आणि दुसऱ्याचा विस्तार यांची तुलना वर्गाचा आकडा कशी करणार?

यावरचा उपाय दुष्प्राप्य नाही. फ्रेंच न जाणणाऱ्या नवागत मुलांना त्यांच्या वयाला साजेशा नेहमीच्या वर्गात दाखल करून भाषेचे अध्यापन स्वतंत्रपणे द्यावे, हे तत्त्व फ्रान्सच्या शिक्षणखात्याने २०१२ च्या परिपत्रकात सांगितले आहे. भाषेचे अपरिचितत्व म्हणजे बुद्धीचे न्यूनत्व नव्हे, हा त्यातील विवेक सर्व देशांनी स्वीकारण्याजोगा आहे. नोकरीनिमित्त या देशांत जाणाऱ्या मराठी पालकांनीही शाळेच्या दाखल्यासोबत झालेल्या अभ्यासक्रमाचा तपशील आणि गुणपद्धतीचा खुलासा मागून घ्यावा, आणि वर्ग नेमला जाण्यापूर्वी विषयशिक्षकांशी मुलाची भेट घडविण्याचा आग्रह धरावा. तक्ता चौकशीच्या आरंभापुरता उपयोगी आहे. निर्णयाचा अधिकार मात्र मुलाची प्रत्यक्ष पारख करणाऱ्या शिक्षकाकडेच असला पाहिजे.