सातबाऱ्यावर बहिणीचे नाव

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरुडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पिढ्यान्पिढ्या जपलेले उत्पन्न गेले. अशा वेळी सरकारी मदत येते, पण ती वाडी कसणाऱ्याचा चेहरा पाहून येत नाही. ती सातबाऱ्यावरचे नाव पाहून येते. आणि आपल्या कितीतरी घरांत ते नाव अजून मरहूम दादांचेच असते.

नव्या लागवडीचेही तसेच आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणातला शेतकरी 10 गुंठ्यांपासून नारळ, आंबा, काजू, कोकम लावू शकतो. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. पुढचे हप्ते हवे असतील तर बागायती झाडे 90 टक्के आणि कोरडवाहू 80 टक्के जगलेली दाखवावी लागतात. म्हणजे हा पैसा नुसता झाड लावण्याचा नाही, झाड जपण्याचा आहे. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते.

इथेच बहिणीची आठवण होते. एरवी वर्षानुवर्षे वाडीचा एक नारळही तिच्या घरी जात नाही. सहीची गरज पडली की भाऊ मिठाई घेऊन दारात उभा राहतो. कधी संमतीपत्राच्या जोडीने हक्कसोडपत्रही पुढे केले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. याला राजीखुशी म्हणायचे का?

सूरह निसामध्ये वाटे स्पष्ट सांगितले आहेत. समजा, वाडी 32 गुंठ्यांची आहे आणि वडिलांच्या मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. कर्ज आणि वसियत फेडल्यावर पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे 4 गुंठे. उरलेल्या 28 पैकी मुलाचे 14 आणि प्रत्येक मुलीचे 7. काहीजण म्हणतात, 1937 च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. खरे आहे. पण कुरआनने वाटे सांगताना शेत वेगळे आणि घर वेगळे असे म्हटलेले नाही. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याला हदीसमध्ये दिलेला इशाराही आपल्याला ठाऊक आहे.

करायचे काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मुदत उलटून गेली असली तरी आज जाऊन सुरुवात करा. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सर्व वारसांची नावे द्या. सर्व म्हणजे अम्मी आणि बहिणीसुद्धा. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही अर्ज होतो. भाऊ आखातात असेल तर तो सुट्टीवर यायची वाट पाहत बसू नका.

नोंद झाल्यावर एकाने वाडी कसावी, बाकीच्यांनी संमती द्यावी, यात काहीच गैर नाही. राबणाऱ्याने आपली मजुरी आणि खर्च आधी वजा करावा. राहील त्यातून बहिणीचा हिस्सा तिच्या हातात, हिशेबासह द्यावा. तिला आपला वाटा सोडायचाच असेल, तर तो आधी तिच्या नावावर लागू द्या. मग सोडायचा की ठेवायचा, हे तिचे तिला ठरवू द्या.