बिघाडाची नोंद हीसुद्धा आरोग्यसेवाच

मेळघाटातील धारणी किंवा चिखलदऱ्यात गरोदर महिलेला किंवा तीन वर्षांखालील बाळाला मिळणारा घरपोच आहार आता मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही अवलंबून आहे. १ जुलै २०२५ पासून ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये लाभार्थ्याची आधार-आधारित ओळख आणि चेहऱ्याची पडताळणी बंधनकारक झाली. खऱ्या लाभार्थ्यापर्यंत आहार पोहोचावा हा हेतू रास्त आहे. पण नेटवर्क गेले, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर गेला आणि नवरा कामासाठी परगावी असला, किंवा ॲपने चेहरा ओळखलाच नाही, तर अडचण सॉफ्टवेअरची आणि उपाशी राहते ती माय. अशा वेळी पहिला प्रश्न ‘ॲप चांगले की वाईट’ हा नसतो. ‘हा बिघाड कुठे नोंदला गेला आणि त्याचे पुढे काय झाले’ हा असतो.

सॉफ्टवेअरमधील दोषाला ‘बग’ म्हणतात. अभियंते हा शब्द आधीपासून वापरत होते. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क-२’ संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. त्या घटनेतला पतंग सगळ्यांना आठवतो; पण खरी मोलाची होती ती नोंदवही. आज तिचे काम ‘बग ट्रॅकिंग’ प्रणाली करते. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी तयार झालेली ‘बगझिला’ ही त्यातली जुनी आणि मोफत प्रणाली. पुढे ‘जिरा’, ‘रेडमाइन’ आली. तत्त्व एकच. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा. काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, कोणत्या फोनवर, कधी, हे लिहायचे. ती कुणाकडे आहे आणि कोणत्या टप्प्यावर आहे हे सगळ्यांना दिसले पाहिजे.

औषधांबाबत ही शिस्त आरोग्य क्षेत्राला नवी नाही. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम आहे. एका गावातले अंगावरचे पुरळ योगायोग असू शकतो. त्याच औषधाने पन्नास ठिकाणी पुरळ आले तर तो इशारा ठरतो. मात्र नोंदी एकत्र आल्या तरच तो इशारा दिसतो.

त्या एकत्र आल्या नाहीत तर काय होते, हे ‘थेरॅक-२५’ या कर्करोग उपचाराच्या यंत्राने दाखवले. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना किरणोत्साराची प्रचंड जादा मात्रा मिळाली. किमान तिघांचा मृत्यू झाला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश येई, पण त्याचा नीट अर्थ चालकाला मिळालेल्या पुस्तिकेत नव्हता. जादा मात्रा जाणे शक्यच नाही, असे कंपनी सांगत राहिली आणि एका रुग्णालयातला प्रकार दुसऱ्याला कळत नव्हता. अखेर टेक्सासमधील टायलर येथे रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि यंत्रचालक यांनी तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवला. चालकाने चुकीची नोंद झटपट दुरुस्त केली की सॉफ्टवेअर गोंधळत होते.

ब्रिटनच्या टपाल खात्याची कथा याच्या उलट आहे. तिथल्या ‘होरायझन’ प्रणालीतील ज्ञात दोषांची यादी पुरवठादाराकडे होती. पण हिशेबातल्या तुटीचा ठपका टपाल केंद्र चालवणाऱ्यांवर आला. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. नोंद असूनही ती दडवली, तर शिक्षा वापरणाऱ्याला होते.

वऱ्हाडालाही याचा अनुभव आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी करोना लसीकरण सुरू झाले आणि ‘को-विन’मधील तांत्रिक अडचणींमुळे महाराष्ट्राला लगेच पुढील दोन दिवस मोहीम थांबवावी लागली. पुढच्याच महिन्यात अमरावती-अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली. त्या दोन दिवसांमुळे लाट आली असे नव्हे. पण साथीच्या काळात सॉफ्टवेअर अडले की आरोग्यसेवाही अडते, हे तेव्हा उघड झाले. त्याच वर्षी राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले आणि ॲपमध्ये मराठी नसल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. भाषेची साधी त्रुटी कळवायला आंदोलन करावे लागते, याचा अर्थ तक्रार वर जाण्याची वाट बुजलेली आहे.

हेल्पलाइन असते, व्हॉट्सॲप गटही असतात. पण गटावर टाकलेला स्क्रीनशॉट शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो आणि महिनाभराने तोच बिघाड ‘नवा’ म्हणून पुन्हा येतो. यासाठी नोंदप्रणाली लवचीक हवी. धारणीतील अडचण नेटवर्कची असेल, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ती रांगेची असू शकते, तर अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात मेळघाटातून आलेल्या बाळंतिणीची आधीची माहिती न दिसण्याची. तिन्हींना एकच लांबलचक अर्ज दिला तर कुणीच भरणार नाही. जिल्ह्याला आपले रकाने, आपले प्रकार आणि आपला क्रम ठरवता आला पाहिजे. ‘ॲप चालून नाही राह्यलं’ एवढे बोलून नोंदवता यावे, नेटवर्क नसताना ती नोंद फोनमध्ये थांबावी आणि उरलेला तपशील पर्यवेक्षिकेने भरावा.

अशा प्रणालीचे काही नियम मात्र सैल असू नयेत. प्राधान्य इजेनुसार ठरावे: आहार, लस किंवा रक्तपुरवठा अडवणारा बिघाड आधी, अहवालातला रंग नंतर. एकसारख्या तक्रारी एकत्र जोडाव्यात, पण किती केंद्रांतून आल्या हा आकडा पुसू नये. तक्रार बंद झाली असे वरच्याने नव्हे, ज्याने ती केली त्यानेच म्हणावे. नोंद करणाऱ्या सेविकेवर कामचुकारपणाचा शिक्का बसता कामा नये. नाहीतर नोंदी थांबतील आणि कागदावर सारे आलबेल दिसेल. स्क्रीनशॉटमधून आधार क्रमांक आणि महिलांचे चेहरे बाहेर जाणार नाहीत, ही काळजीही हवी.

याचा खर्च मोठा नाही. बगझिला, रेडमाइन मोफत आहेत आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून अभियंते घडवत आहे. दोन जिल्ह्यांनी ठरवले तर अशी नोंदप्रणाली उभी राहू शकते. अर्थात, पोषण ट्रॅकरची दुरुस्ती दिल्लीतच होईल. जिल्ह्याच्या हाती तो अधिकार नाही. पण ‘ॲप अडते’ ही तक्रार आणि ‘या तारखेपासून, इतक्या केंद्रांवर, या टप्प्यावर अडते’ ही नोंद यांत फरक आहे. पहिलीकडे दुर्लक्ष करता येते, दुसरीला उत्तर द्यावे लागते. आणि दुरुस्ती होईपर्यंत, पडताळणी फसली तरी आहार द्यायचा आणि बिघाड नोंदवायचा, हा क्रम लेखी ठरवणे तेवढेच गरजेचे आहे. दोष यंत्रात असताना ताट रिकामे राहू नये.