परक्या राज्याची कोतवाली व आपले तरुण

मुलगा विलायतेस जाऊन डॉक्टर झाला म्हणजे आपल्या आळींत पेढे वांटले जातात. अमेरिकेंत इंजिनियर झाला म्हणजे सोयरिकी दारीं येतात. परंतु तोच मुलगा जर म्हणूं लागला कीं, मला लंडनच्या किंवा मेलबोर्नच्या पोलिसांत शिरावयाचें आहे, तर घरांत एकाएकीं शुकशुकाट होतो. आजोबांस वाटतें, ज्या इंग्रजी अंमलाच्या शिपायांनीं आमच्यावर लाठ्या चालविल्या त्यांचाच पट्टा कमरेस बांधण्यांत कसला पुरुषार्थ? वडिलांस वाटतें, पोलिसीच करावयाची तर इकडे ठाणीं काय थोडीं आहेत? आणि मुलाच्या डोळ्यांपुढें पगाराच्या आंकड्याखेरीज दुसरें कांहीं नसतें. आमच्या मतें आजोबांचा संताप जुना झाला आहे, वडिलांचा प्रश्न खरा पण अर्धा आहे, आणि मुलाची उमेद चांगली असली तरी तिला माहितीचा आधार नाहीं. ह्या तिघांसही उपयोगी पडेल असा विचार आज करावयाचा आहे.

हिंदी मनुष्यानें परमुलखांत जाऊन कायद्याचा दंडुका हातीं धरणें ही कांहीं आजची नवलाई नाहीं. १८६७ सालीं सिंध प्रांताच्या पोलिसांतून हाँगकाँगास गेलेले क्रे नांवाचे अधिकारी तेथील सरकारास शीख शिपाई आणून देऊं लागले. पुढें १८८० नंतरच्या दशकांत शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या म्युनिसिपालिटीनेंही शीख शिपायांची स्वतंत्र शाखा उभी केली. पंजाबांतील शेतकऱ्याची जमीन वांटण्यांनीं तुकडे तुकडे झाली होती, सावकाराचें देणें फिटत नव्हतें, आणि इकडच्या फौजेपेक्षां पूर्वेकडील बंदरांत पगार बरा मिळे. म्हणून तो गेला. जाणाऱ्याचा हेतु प्रामाणिक होता, ह्यांत शंका नाहीं. पण नेणाऱ्याचा हेतु काय होता? गोरा शिपाई महाग पडतो, चिनी शिपायावर भरंवसा नाहीं. तेव्हां स्वस्त, धिप्पाड, आणि रस्त्यावरील लोकांशीं रक्ताचें वा भाषेचें नातें नसलेला तिसरा मनुष्य आणावा, हाच तो हिशेब.

हा हिशेब कोठें जाऊन पोंचतो तें ३० मे १९२५ रोजीं दिसलें. एका जपानी कापडगिरणींत चिनी मजूर मारला गेला होता. त्याचा निषेध करीत विद्यार्थी नानकिंग रस्त्यावरील लौझा ठाण्यापुढें जमले. इंग्रज इन्स्पेक्टरानें हुकूम सोडला, आणि शीख व चिनी शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. निदान नऊ माणसें मेलीं आणि साऱ्या चीन देशांत आग भडकली. पंजाबांत १९१९ सालीं जालियनवाला बागेंत काय घडलें तें ज्यांच्या घरीं ठाऊक होतें, त्यांच्याच भाऊबंदांच्या हातून सहा वर्षांनीं शांघायांत तसेंच कृत्य करविलें गेलें! दोन वर्षांनीं, १९२७ सालीं, शांघाय पोलिसांतील बुद्धासिंग नांवाच्या वजनदार शीख जमादाराचा खून झाला, तोही एका शीख क्रांतिकारकाच्या हातून. १९४३ सालीं ती वसाहत मोडली आणि तिची पोलिसीही संपली. आजोबांचा संताप आहे तो ह्या पोलिसीवर, आणि तिच्यापुरता तो अगदीं रास्त आहे.

येथें एक गोष्ट विसरूं नये. त्या काळीं परदेशीं जाऊन पोलिसी करण्याचा मोठा प्रवाह आपल्याकडून तिकडे नव्हे, तर तिकडून आपल्याकडे वाहत होता. हिंदी पोलीस खात्याच्या वरच्या जागांसाठीं १८९३ पासून लंडनांत परीक्षा होऊं लागली, आणि विशी न गांठलेलीं इंग्रज पोरें येथें येऊन जिल्ह्याचे साहेब बनूं लागलीं. त्यांतलाच एक एरिक ब्लेअर. १९२२ सालीं तो ब्रह्मदेशाच्या पोलिसांत दाखल झाला, पांच वर्षें चाकरी केली, आणि १९२७ सालीं राजीनामा देऊन मोकळा झाला. जॉर्ज ऑर्वेल ह्या नांवानें जग ज्यास ओळखतें तो हाच. लोकांच्या संमतीवांचून त्यांच्यावर कायदा चालविणारा मनुष्य आपलीही माणुसकी गमावतो, असा बोध त्यानें त्या नोकरींतून घेतला. पगार चांगला होता, दर्जा मोठा होता. तरी त्याच्या मनानें ती नोकरी सोसली नाहीं.

तर मग परदेशांतील पोलिसी सर्वथा वर्ज्य समजावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शांघायच्या शिपायाचें पाप तो परका होता ह्यांत नव्हतें. ज्या लोकांवर तो पहारा करी त्यांना त्याला जाब विचारण्याचा अधिकार नव्हता, आणि त्यालाही त्या लोकांत मिसळून राहण्याचा अधिकार नव्हता. सगळा दोष ह्यांत होता. हे दोन अधिकार जेथें आहेत तेथील पोलिसी निराळी.

कॅनडाचेंच उदाहरण घ्यावें. १९१४ सालीं कोमागाटा मारू ही आगबोट हाँगकाँगहून निघून ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरास गेली. ज्या शिखांच्या दंडुक्यावर हाँगकाँगची बाजारपेठ निर्धास्त झोपत होती, त्यांच्याच भावांस त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या भागांत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. दोन महिने बंदरांत अडकवून बोट परत हांकलली. त्याच कॅनडांत १९९० सालीं, मलेशियांत जन्मलेल्या बलतेजसिंग धिल्लन ह्या शीख तरुणास पगडीसह राष्ट्रीय पोलिसांत घेण्याचा निर्णय सरकारनें केला. विरुद्ध अर्जांवर लाखाहून अधिक सह्या झाल्या, कोर्टबाजी झाली, पण निर्णय टिकला. १९१४ चा शीख दुसऱ्या बंदरांत पहारेकरी म्हणून चालत होता, शेजारी म्हणून चालत नव्हता. १९९० चा शीख आधीं शेजारी झाला आणि मग पहारेकरी. आमच्या मतें सारी मख्खी ह्या क्रमांत आहे.

इंग्लंडांतही हा क्रम सुखासुखीं आला नाहीं. १९७१ सालीं कर्पाल कौर संधू ह्या तेथील पोलिसांत शिरलेल्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. त्यांचें हें काम पतीस पसंत नव्हतें, आणि १९७३ सालीं त्याच्याच हातून त्यांचा अंत झाला. परक्यांचा वर्णद्वेष आपण मोठ्यानें बोलून दाखवितों. घरच्या उंबरठ्यावरील हा द्वेषही तितक्याच मोठ्यानें बोलला पाहिजे. वर्णद्वेषाविषयीं म्हणाल तर स्टीफन लॉरेन्स ह्या काळ्या तरुणाच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाची चौकशी झाली, आणि लंडनच्या पोलिसांत वर्णद्वेष संस्थेच्या हाडींमाशीं खिळला आहे असा निष्कर्ष १९९९ सालीं मॅक्फर्सन समितीनें उघड छापला. असा निष्कर्ष निघावा ही लाज खरी. पण सरकारनें स्वतः नेमलेल्या समितीनें तो छापावा हें त्या राज्याचें भूषणही आहे.

आतां व्यापारी वाचकांस रुचेल अशा रीतीनें ह्या व्यवहाराचा जमाखर्च मांडूं. ब्रिटनमध्यें मुक्कामाची मुदत संपण्याचें बंधन ज्यावर नाहीं अशा परदेशी मनुष्यास पोलिसांत अर्ज करतां येतो. कॅनडाचे राष्ट्रीय पोलीस व न्यूझीलंडचे पोलीस कायमच्या रहिवाशास घेतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या पोलीस खात्यांत मात्र नागरिक झाल्यावांचून शिरकाव नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, पुण्यांत किंवा कोल्हापुरांत बसून अर्ज टाकला व विमानांत बसून गणवेष चढविला, असें ह्या देशांत घडत नाहीं. आधीं शिक्षण किंवा दुसरा रोजगार, मग कायमचें वास्तव्य, आणि त्यानंतर पोलीस. ह्या वाटेवर पांच-सात वर्षें सहज जातात. म्हणून कोणी दलाल 'अमुक लाख द्या, परदेशांतील पोलिसांत चिकटवून देतों' असें म्हणूं लागला, तर तो ठक आहे असें खुशाल समजावें. बापाची जमीन विकून त्याच्या पदरांत रक्कम टाकणें म्हणजे चोराच्याच हातीं जामदारखान्याची किल्ली देणें होय. नियम बदलत असतात. तेव्हां त्या त्या खात्याचें मूळ पत्रक स्वतः वाचावें, दुसऱ्याच्या तोंडच्या माहितीवर विसंबूं नये.

खर्चाच्या बाजूस सर्वांत मोठी रकम नागरिकत्वाची. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमान्वयें व १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यान्वयें, परदेशाचें नागरिकत्व आपखुषीनें घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. मागाहून परदेशस्थ भारतीयाचें कार्ड मिळतें. त्यावर येणें-जाणें, राहणें, धंदा करणें साधतें, पण मत देतां येत नाहीं, आणि सरकारी नोकरींत समान संधीचा हक्कही उरत नाहीं. म्हणजे तिकडे वीस वर्षें तपास शिकलेला मनुष्य इकडे परत आला तरी आपल्या गांवच्या ठाण्यांत त्यास जागा नाहीं. दुसऱ्या बाजूचा धोका सिंगापुरांत दिसतो. १९४९ पासून तेथील पोलिसांत नेपाळी गुरख्यांची स्वतंत्र तुकडी आहे. तिचा लौकिक मोठा. पण चाकरी संपली कीं गुरख्यानें बायकामुलांसह नेपाळास परतावें असा दंडक आहे. सिंगापुरांतच वाढलेलीं मुलें मग न पाहिलेल्या मुलखांत 'परत' जातात. इमान घ्यावयाचें आणि आसरा द्यावयाचा नाहीं, अशी चाकरी कितीही नांवाजलेली असली तरी आमच्या तरुणांनीं ती दोनदां विचार करून पत्करावी.

उरला वडिलांचा प्रश्न. इकडे ठाणीं थोडीं नाहींत, हें खरें. आणि ह्या देशांतले तरुण पोलिसीस नाक मुरडतात असेंही नाहीं. महाराष्ट्रांत २०२४ सालीं १७,४७१ जागांसाठीं सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. पहांटे सोळाशें मीटर धांवण्यासाठीं मैदानाबाहेर रात्र काढणारीं हीं पोरें परदेशाचे भुकेलेलीं नाहींत. त्यांस गणवेषाची खरीच आवड आहे. पण आंत शिरल्यावर पुढें काय? ज्या १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थानची पोलिसी घडली, त्याचा नमुना लंडनच्या नागरी पोलिसांचा नव्हता; जिंकलेल्या आयर्लंडांतील सशस्त्र पोलिसांचा होता. आपल्याकडे १९५१ चा स्वतंत्र कायदा झाला, तरी ती जुनी हाडें पुरतीं बदललीं नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाशसिंग ह्यांच्या खटल्यांत सात आज्ञा दिल्या: वरिष्ठांच्या बदल्या मंत्र्याच्या लहरीवर नकोत, तपास व बंदोबस्त निराळे करा, तक्रारी ऐकण्यास स्वतंत्र प्राधिकरण नेमा. बहुतेक राज्यांनीं ह्या आज्ञांचा कागदोपत्रीं मान राखला आणि व्यवहारांत त्यांस बगल दिली. मुंबईंत देवनारच्या ठाण्यानें २०१६ सालीं आठ तासांच्या पाळीचा प्रयोग केला, ह्याची बातमी होते, ह्यांतच बाकीच्या ठाण्यांची स्थिति समजते. गिरणीकामगारास जें केव्हांच मिळूं लागलें तें पोलीस शिपायास अजून मागावें लागत आहे! थकलेला, घरास पारखा झालेला आणि बदलीच्या धाकाखालीं वांकलेला शिपाई दुकानदाराशीं गोड बोलेल ही अपेक्षाच व्यर्थ. कुंपण शेत खातें अशी ओरड आपण नित्य करतों; पण कुंपणास पाणी कोणी घालतो काय?

सबब आमचें सांगणें तिघांस तीन प्रकारचें आहे. मुलानें, आणि मुलीनेंही, जावयाचें असेल तर अवश्य जावें; पण जेथें आधीं शेजारी होतां येतें तेथेंच जावें, आणि पगाराआधीं तेथील कायदा वाचावा. आजोबांनीं शांघायचा शिपाई व आजचा नागरिक-शिपाई ह्यांत फरक करावा. आणि वडिलांनीं, म्हणजे ज्यांच्या हातीं मत आहे, नगरपालिका आहे, व्यापारी मंडळी आहे, त्यांनीं घरच्या ठाण्याची विचारपूस करावी: आपल्या आमदारास २००६ च्या त्या सात आज्ञांचें काय झालें तें विचारावें. सरकारनेंही परदेशीं नांव काढलेल्या आपल्या माणसांस नाशिकच्या पोलीस अकादमींत व्याख्यानास बोलवावें. त्यांस नोकरी देतां येत नसली तरी त्यांची विद्या घेण्यास कोणतें कलम आड येतें?

तरुण परदेशीं जातो ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. इकडच्या ठाण्यांत प्रामाणिकपणें जगतां येणार नाहीं अशी खात्री पटून तो जात असेल, तर मात्र दुःख आहे. आणि त्याचा जाब त्याच्याकडे नव्हे, आपल्याकडे आहे.